तुडवलेली माती

आईने हात मागे घेतला आणि चहाचा कप माझ्याच हातात राहिला. "आधी हात धुऊन ये," ती म्हणाली. मी धुतले होते. काल शाळेत नळाखाली धुतले, घरी आल्यावर धुतले, झोपताना लिंबाचं साल घासलं, सकाळी उठल्याउठल्या पुन्हा साबण लावला. "धुतलेत गं," मी म्हटलं. "मग नीट धू. घाण वास येतोय. तुझ्या त्या खड्ड्याचा." तिने खुर्चीसकट मागे सरकायचा प्रयत्न केला, ते जमेना तेव्हा मानच फिरवली. पलीकडे नवरा मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसला होता. मी त्याच्या नाकापुढे बोटं धरली. "येतोय का रे वास?" त्याने न बघताच हुंगल्यासारखं केलं. "छे. मला नाही बाई काही येत." त्याला कधीच कशाचा वास येत नाही. फ्रिजमधलं नासलेलं दूधसुद्धा तो पिऊन टाकतो आणि वर मिशी पुसतो. मी बेसिनपाशी गेले, दार लोटून घेतलं आणि बोटं नाकाशी नेली. होता. नखांच्या मुळाशी, कातडीच्याही आत कुठेतरी, नासक्या अंड्याचा आणि ओल्या मोज्याचा मिळून होईल तसा वास. आणि सगळ्यात घाण गोष्ट अशी की मी पुन्हा हुंगलं.

किळस मला आईकडूनच मिळाली आहे. ती आमच्याकडे राहायला आली तेव्हा एका पिशवीत तिचे कपडे होते आणि दुसऱ्या पिशवीत तिचं ताट, तिची वाटी, तिचा पेला आणि तिचा साबण. साबण ती वापरण्याआधी धुते, कारण मधल्या वेळात त्यावर काय बसलं असेल कोण जाणे. लहानपणी मला ताप आला आणि मी ओकले की ती बादली पायाने पुढे सरकवायची, नाक दाबून, डोळे भिंतीकडे, आणि तशा आवाजात म्हणायची, "हं, होऊ दे, होऊ दे." तिची माया खरी होती, पण ती हातभर अंतरावरून यायची. मीही तशीच झाले. शाळेतली मुलं वह्या देतात तेव्हा मी आधी त्यांची बोटं बघते. दुसऱ्या मॅडम मुलांची नाकं पुसतात, डबा उघडून देतात, मी खिडकीबाहेर बघते. भूगोल शिकवते. नद्या, खडक, मातीचे थर, सगळं फळ्यावर, कोरडं, रंगीत खडूने काढलेलं. फळ्यावरच्या मातीला वास येत नाही म्हणून माझं तिच्याशी जमलं असावं.

बसमध्ये वरच्या दांड्याला धरावं लागलं. दांडा चिकट होता. आदल्या माणसाच्या हाताचा घाम अजून त्यावर ऊबदार होता, आणि एरवी मी रुमाल गुंडाळून धरते, पण आज मनात आलं की आज घाण मी लावते आहे, माझ्यानंतर जो कोणी इथे धरेल त्याच्या हाताला माझा खड्डा जाईल. या विचाराची मला शिसारी आली आणि जरा मजाही वाटली. आभाळ भरून आलेलं होतं. पाऊस पडला की काय होणार हे बसमधल्या कोणालाच ठाऊक नव्हतं, मला होतं. दुपारी डंपर येणार होता. म्हणजे शाळेतल्या त्या खड्ड्यात डबर ओतून, वरून फरशी घालून विषय संपवायचा असं काल ठरलं होतं, आणि एकदा ते झालं की रस्त्यावरून उताराने येणारं पाणी पुन्हा थेट बालवर्गात शिरणार होतं. बालवर्गाची खोली शाळेच्या सगळ्यात खालच्या अंगाला आहे, अंगणापासून पायऱ्या उतरून जावं लागतं. अशी खोली सगळ्यात लहान मुलांना का दिली असेल? कारण मोठी मुलं तक्रार करतात. लहानांना वाटतं, जगच असं असतं.

गेल्या वर्षी पाणी शिरलं तेव्हा मी पायऱ्यांवर उभी होते. तपकिरी पाणी, त्यावर तेलाचा तवंग, सिगारेटची थोटकं, एक मेलेला उंदीर पोट वर करून शांतपणे फिरत होता, आणि मुलं बाकांवर उभी राहून टाळ्या वाजवत होती. बालवर्गाच्या ताई एकेकाला उचलून बाहेर आणत होत्या. एक बारकी मुलगी बाकावर वाकून ओंजळीत ते पाणी घेत होती. तिने माझ्याकडे बघितलं, छान हसली आणि पाणी प्यायली. मी ओरडले, पण खाली उतरले नाही. माझे पाय उतरेनात. ताईंनीच तिला उचललं. ती नंतर बरेच दिवस दवाखान्यात होती, बरी झाली, आता पहिलीत आहे आणि मला बघितलं की हात हलवते. तेव्हापासून मला ते पाणी गिळल्यासारखं वाटतं. खरंच, घशात. मी वाचायला लागले, विचारायला लागले, सुटीत जाऊन पाणी मुरवण्याचं एक शिबिर करून आले आणि मोठ्या मॅडमना म्हटलं की अंगणाच्या त्या कोपऱ्यात आपण पावसाची बाग करू या. मोठ्या मॅडम म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, पांढऱ्याशिवाय दुसरा रंग न घालणाऱ्या. "बाग? अय्या, किती गोड!" त्या म्हणाल्या. मी सांगितलं की गोड वगैरे काही नाही, तो एक उथळ खड्डा आहे, तळाला दगड, वर वाळू, त्यावर खत घातलेली भुसभुशीत माती आणि पाण्यातही जगतील, कोरड्यातही जगतील अशी झाडं, रस्त्याचं आणि छपराचं पाणी त्यात वळवायचं, ते तिथेच मुरतं, दुसऱ्या दिवशी खड्डा मोकळा. त्यांनी "खड्डा" हा शब्द ऐकून तोंड वाकडं केलं. आमंत्रणात बागच छापायची असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

खड्डा खणायला माणसं आली, पण मातीचं मिश्रण मी स्वतः केलं. हातमोजे घालून, अर्थात. दोन जोड, एकावर एक. आणि एकच नियम केला, मोठ्या अक्षरांत लिहून काठीला लावला की मातीत पाय ठेवायचा नाही. झाडंसुद्धा फळी टाकून, फळीवर गुडघे टेकून लावली. भुसभुशीत माती हीच तर सगळी करामत होती. तिच्यात हवा होती, पोकळ्या होत्या, आणि पाणी त्या पोकळ्यांमधून खाली जातं. ती दाबली की संपलं. पहिला पाऊस झाला आणि सकाळी जाऊन बघते तर खड्डा रिकामा, कर्दळीची पानं धुतलेली आणि बालवर्गाच्या पायऱ्या कोरड्या ठणठणीत. मी तिथे उभी राहून एकटीच हसले. माझ्या हातून आयुष्यात एवढी नीट झालेली ही एकच गोष्ट आहे, आणि मी फळ्यावर जे काढत आले ते खरं असतं हे मला त्या दिवशी कळलं.

मग उद्घाटन झालं. अगदी त्या खड्ड्यासारखंच ते मलाही अजून आतून नासवतं. रात्री सर पडून गेलेली, माती ओली गच्च. संस्थेचे अध्यक्ष आले, फोटोवाला आला, सगळी शाळा मैदानात उभी. अध्यक्षांना बोलायची आवड आहे. "ही बाग कोणा एकाची नाही," ते म्हणाले, "हिच्या मातीला प्रत्येक मुलाचे पाय लागले पाहिजेत." टाळ्या पडल्या. मोठ्या मॅडमच्या डोळ्यांत पाणीच आलं. मी पुढे झाले, म्हटलं, "सर, पाय नको, माती ओली आहे, दाबली जाईल," तर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, त्या हाताला अत्तराचा जड वास होता, आणि ते म्हणाले, "मॅडम, मुलांपेक्षा माती मोठी का?" शिट्टी वाजली. शिट्टी म्हणजे आमचे खेळाचे सर, मुलांनी ठेवलेलं नाव आता आम्हीही वापरतो. त्यांनी वर्गावर्गाने रांगा लावल्या आणि पोरं एका बाजूने उतरून दुसऱ्या बाजूने वर, एक-दोन, एक-दोन, अख्खी शाळा. कणीक तिंबावी तशी माझी माती तिंबली गेली. फळ्या, काठी, काठीवरचा नियम, सगळं पायांखाली. वर मोठ्या मॅडमना वाटलं की फोटोत खळगे दिसतील, म्हणून शिट्टींनी क्रिकेटच्या खेळपट्टीचा रोलर आणला आणि फिरवला. झाडं पुन्हा खोचली. फोटो सुंदर आला. अजून ऑफिसात लावलेला आहे, त्यात एका कोपऱ्यात मी आहे, ओकारी दाबलेल्या माणसासारखी.

त्यानंतरचा पाऊस खड्ड्यात बसला तो बसलाच. आधी गढूळ, मग हिरवा, मग वर साय धरली. डास झाले. मुलांनी डब्यातलं उरलेलं त्यात टाकलं, कोणी मोजा टाकला, कोणी चेंडू टाकला आणि तो काढायला कोणी जाईना. कर्दळी मुळाशी कुजून आडव्या झाल्या आणि त्यांचा बुळबुळीत लगदा काठाला लागला. वास पार वर्गात यायला लागला. पालक तक्रार घेऊन आले. स्टाफरूममध्ये मी शिरले की कोणीतरी सहज उठून खिडकी लावायचं. "मॅडमच्या बागेला बहर आलाय," असं एकदा शिट्टी म्हणाले आणि सगळे हसले, ज्यांनी रोलर फिरवला तेच. मला त्या हसण्याची, त्या बिस्किटं बुडवून खाणाऱ्या तोंडांची, ओल्या मिशांची एवढी किळस आली की मी माझा चहा तसाच सोडून उठले. आणि काल अध्यक्षांचा निरोप आला: भरून टाका. मी मधल्या सुटीत काठावर बसले, बाही वर केली आणि हात त्या पाण्यात घातला, हातमोजे न घालता, कारण त्यांतून समजलं नसतं. दंडापर्यंत गेला. गाळ मऊ, लिबलिबीत, त्यात काहीतरी वळवळलं. खाली कडक लागलं, भांड्याच्या बुडाला करपलेला थर असतो तसं. एका झाडाच्या मुळापाशी तो थर फाटला होता, तिथे बोट गेलं. त्याखाली वाळू होती. मोकळी, सैल, माझीच. म्हणजे वरचं झाकण तेवढं घट्ट झालं होतं, आतलं सगळं शाबूत होतं.

मी तशीच, हात निथळत, मोठ्या मॅडमच्या ऑफिसात गेले. त्यांनी खुर्ची मागे ओढली. मी सांगितलं, वरचा थर फोडला की पाणी जाईल, नवी माती घालू, फक्त पुन्हा कोणी पाय ठेवायचा नाही. "मॅडम, आता राहू द्या," त्या म्हणाल्या, "तुमच्या भावना मला समजतात. पण प्लीज, आधी हात... गालिचा आहे." "आणि बालवर्ग?" मी विचारलं. "बघू की. पाऊस दरवेळी एवढा थोडाच पडतो!" मग त्या सुगंधी फवारा घेऊन माझ्या आणि त्यांच्या मधल्या हवेत मारत राहिल्या, आणि मी गालिच्याबाहेर उभी राहून तो फवारा श्वासात घेत राहिले. गुलाब आणि त्याखाली खड्डा. खड्ड्यापेक्षा तो गुलाब जास्त घाण होता.

बस थांबली तेव्हा थेंब पडत होते, मोठे, विरळ. फाटकाशी डंपर आधीच येऊन उभा होता. दुपारची वेळ ठरली होती, पण पाऊस येईल म्हणून लवकर बोलावला असणार. डंपरवाला खाली उतरून तंबाखू मळत होता. "कुठं ओतायचं, मॅडम?" त्याने मलाच विचारलं. "थांबा जरा," मी म्हटलं. "थांबतो. पण पाऊस वाढला तर चाक रुतंल." मी खेळाच्या सामानाच्या खोलीत गेले, नेटचे खांब रोवायला ठेवलेली पहार होती, ती उचलली. ती एवढी जड असेल असं वाटलं नव्हतं. खड्ड्याच्या काठावर मी चपला काढल्या, त्या एकमेकींना लावून नीट ठेवल्या, आणि तेवढ्यात कळलं की माझे पाय पुन्हा उतरत नाहीयेत. वरची साय थेंबांनी फाटत होती आणि प्रत्येक फाटीतून वासाची एक वाफ येत होती. तिथे मोजा तरंगत होता. बालवर्गाच्या खिडकीत, जमिनीलगतच्या त्या आडव्या फटीत, बारकी डोकी ओळीने दिसत होती. त्यांच्यापैकी एकाने काचेला जीभ लावली होती. ती गुलाबी, चपटी जीभ बघून मला शहारा आला, आणि त्या शहाऱ्यातच मी उतरले.

पाणी मांड्यांपर्यंत आलं. गाळ पायांच्या बोटांमधून वर निघाला, प्रत्येक दोन बोटांमधून वेगळा, गारेगार. मी ओरडले की काय ते आठवत नाही. पहार उचलली आणि घातली. थर नुसता हादरला. पुन्हा घातली, मग सगळं अंग टाकून, आणि प्रत्येक घावाला पाणी उडून तोंडावर, ओठांवर, केसांत. डोळ्यांत गेलं. तोंडात गेलं. मग मी ओकले. तिथेच, पहारीला धरून, सकाळचा चहा त्या पाण्यात गेला आणि माझ्या कुर्त्यावरही आला, आणि बादली सरकवायला कोणी नव्हतं, आणि मला मनापासून वाटलं की आता याहून घाण काही होऊ शकत नाही, म्हणजे आता वाट्टेल ते करता येईल. मी नाकाने श्वास घेणं सोडलं. तोंडाने श्वास घेत घाव घालत राहिले. एका घावाला पहार खाली गेली, एकदम, तोल जाईल इतकी, आणि मी ती हलवून हलवून भोक मोठं केलं. पाण्याने आवाज केला. ढेकरेसारखा, निर्लज्ज, लांबलचक. मोजा गोल फिरायला लागला. मी सरकले आणि शेजारी दुसरं भोक पाडलं, मग तिसरं, मग मोजणं सोडलं. पाणी मांड्यांवरून गुडघ्यांवर आलं, गुडघ्यांवरून पोटऱ्यांवर. वरून पावसाने जोर धरला होता, रस्त्याचं पाणी चरातून खड्ड्यात यायला लागलं होतं, आणि तरी खड्ड्यातली पातळी उतरत होती. बालवर्गाच्या पायऱ्यांकडे एक थेंब गेला नाही. मला हुंदका आला. आनंदाचा होता आणि त्याला भयानक चव होती.

वर माणसं जमली होती. छत्र्या. मोठ्या मॅडम पांढऱ्यात, शिट्टी, वर्गांमधून सुटलेली मुलं, आणि मोटारीतून उतरलेले अध्यक्ष. ते भरणं बघायला आले होते. सगळे त्या गोल फिरत खाली जाणाऱ्या पाण्याकडे बघत होते. "अहो, म्हणजे चालतं की हे!" अध्यक्ष म्हणाले. "बघा, किती झरझर चाललंय! मी म्हणतच होतो." त्यांनी डंपरवाल्याला हातानेच जायला सांगितलं, जसं काही डंपर मीच बोलावला होता. मी पहारीला टेकले. जिंकले असं वाटायला लागलं होतं, तोच त्यांचा चेहरा उजळला, आणि तो उजळलेला चेहरा मी ओळखला. "सर, मुलांना बोलवा," ते शिट्टींना म्हणाले, "पाऊस थांबला की सगळी शाळा आत उतरवा. बाहेरून बघून काय शिकणार? आपल्या पायांनी अनुभवू द्या!" मोठ्या मॅडमनी मान डोलावली. मुलं काठाशी सरकली. शिट्टींनी शिट्टी ओठांत धरली. नुकतीच फोडलेली माती माझ्या पायांभोवती सैल पडली होती, ओली गच्च, एका रांगेत पुन्हा सपाट होईल अशी, आणि ती सपाट झाली की डंपर परत येणार आणि या वेळी कोणी थांबवणार नव्हतं. नियम सांगून काय झालं होतं? काठीला लावलेला नियम ते पायाखाली घालून गेले होते.

मी वर चढले. छातीपर्यंत काळा गाळ, कुर्त्यावर ओकारी, केसांतून हिरवं काहीतरी निथळत असलेली, मी सरळ अध्यक्षांकडे गेले आणि हात पुढे केला. "या ना सर. आधी तुम्ही उतरा. द्या हात." ते हसले, आणि ते हसू चेहऱ्यावर राहिलेलं असतानाच त्यांचा पाय मागे गेला. "नको, नको, मॅडम, तुम्ही आधी..." "द्या की. पायांनी अनुभवायचंय ना?" मी आणखी एक पाऊल टाकलं. त्यांनी रुमाल काढला, नाकावर धरला, छत्री आडवी केली. मोठ्या मॅडम "अगं बाई, अगं बाई" करत त्यांच्या मागे लपल्या. "आणि तुम्ही, सर?" मी शिट्टींकडे वळले, माझ्या कोपरावरून एक गोळा सुटून त्यांच्या पांढऱ्या बुटावर पडला, आणि शिट्टी त्यांच्या तोंडातून खाली आली. मुलं "ईऽऽऽ" करत मागे पळाली, किंचाळत, एकमेकांना ढकलत, आणि लांब जाऊन खिदळत उभी राहिली. खड्ड्याच्या भोवतालची जागा रिकामी झाली. मी काठाकाठाने चालायला लागले. ज्या बाजूला जाईन त्या बाजूची माणसं हटत होती. मला माझाच वास येत होता, पण कोणीही पुढे येत नव्हतं. पाऊस अंगावरचा गाळ धुऊन काढायला लागला तेव्हा मी खाली वाकले, काठावरची कुजलेली मुळं आणि चिखल ओंजळीने उचलला आणि गळ्याला, दंडांना पुन्हा चोळला.